विरजण

नमुना आला तेव्हा पहाटेचे तीन वाजून दहा.
नळीवर चिकटपट्टी, पट्टीवर पेनाने: ओनिसे, २९.
आडनाव घाईत राहिलेलं.
जिन्यातल्या पावलांवरून कळलं,
चियातुराच्या खाणीतून आलाय,
मँगनीजच्या डब्याखाली कंबर सापडून,
दोन तास घाटातून, बर्फातून, कुताईसीला.

त्या दोन तासांत मिठाचं पाणी गेलं तीन लिटर.
देणाऱ्याचा दोष नाही, अँब्युलन्समध्ये तेवढंच होतं.
पण रक्त म्हणजे सुपाचं पातेलं नव्हे,
पाहुणे वाढले म्हणून पाणी ओतायला.
नळी दिव्याकडे धरली:
विसळलेल्या पेल्यात उरलेल्या वाइनचा रंग.

नेहमीच्या तपासणीला पाऊण तास.
पाऊण तासात माणूस
दुसऱ्याच रजिस्टरात जातो.
म्हणून कोपऱ्यातलं ते यंत्र:
इवलीशी वाटी, वाटीत रक्ताचे थेंब,
थेंबांत बुडालेली बारीक खुंटी,
जरा डावीकडे, जरा उजवीकडे,
पाळण्यातल्या पोराला जोजवावं तशी.
रक्त साकळू लागलं की खुंटी अडखळते
आणि ते अडखळणं पडद्यावर उमटतं.
आधी नुसती रेघ. मग रेघेला पोट येतं.

मी रेघेकडे बघत बसले.
आई रात्री मात्सोनी लावते, म्हणजे आमच्याकडचं दहीच,
बरण्या लोकरीच्या शालीत गुंडाळून.
म्हणते, हलवू नकोस, थंडी लागू देऊ नकोस,
गार दुधाला विरजण कळत नाही.
ओनिसेचं अंग तेहतीस अंशांवर उतरलेलं.

रेघ फुगली. बोटभर. बोटभरही नाही.
मग दोन्ही अंगांनी मिटत गेली,
चातीसारखी निमुळती.
म्हणजे धागे होत होते,
आणि झाल्या झाल्या त्याचंच शरीर ते उसवत होतं.
खाली सर्जन टाके घालत होते,
आत कुणीतरी टाके काढत होतं.

फोन केला.
"चाती?" एटेरी डॉक्टरांनी विचारलं.
"चाती."
याहून लांब बोलणं त्या रात्री आमच्यात झालं नाही.

मग ट्रानेक्झामिक, दहा मिनिटांत एक ग्रॅम,
उसवणारा हात धरून ठेवायला.
मग फायब्रिनोजेनच्या कुप्या, पांढरी भुकटी,
पाणी घालून फिरवायची, हलवायची नाही,
फेस आला की पंचाईत.
वॉर्डबॉय बेसो दोन तळव्यांत कुपी धरून उभा.
त्याच्या त्या हमालाच्या हातांना
इतकं हळू काम कुणी कधी सांगितलं नव्हतं.
मग कॅल्शियम, कारण पिशवीतलं रक्त
पिशवीत गोठू नये म्हणून घातलेलं औषध
माणसात शिरूनही आपलं काम सोडत नाही.
गरम हवेची चादर.
प्लेटलेट्सची शेवटची पिशवी,
झुलत्या फळीवरून उचलली तरी डुलतेय असं वाटणारी.

चार वाजून दोन मिनिटांनी दुसरा नमुना.
एरवी कशावर विरजण पडलं की माणसं हळहळतात.
मी खुंटीपुढे बसून तेच मागत होते:
पड, बाबा, पड.

खुंटी अडखळली.
रेघेला पोट आलं, आणि राहिलं.
पेल्याएवढं नाही. वाटीएवढं तरी.

डावा पाय गेला, असं नंतर कळलं.
चेहरा मी पाहिलाच नाही.
बाजारात कुबड्या घेऊन तो माझ्या शेजारी उभा राहिला,
अक्रोडाचा भाव विचारू लागला,
तरी मला पत्ता लागणार नाही.
रेघ दाखवा, लगेच सांगेन.

सकाळी घरी आले. शाल घसरलेली,
बरणी गार, दही लागलेलं नाही.
आई ते मोरीत ओतायला निघाली.
मी म्हणाले, थांब, थोडी ऊब दे तिला,
दहा मिनिटं बघू.
आई म्हणाली, तुला काय कळतं गं दह्यातलं.